वाचकांचे प्रश्न : कोविड वॉर्डातल्या माणसाला भेटायचं कसं?

प्रश्न : वडील पाच दिवस कोविड वॉर्डात आहेत. आत सोडत नाहीत, त्यांना मोबाइलही ठेवू दिलेला नाही. ‘काही असेल तर आम्हीच कळवू’ एवढंच उत्तर मिळतं. हे नियमात बसतं का? (वाचक, सातारा)

उत्तर : वॉर्डात न सोडणं नियमात बसतं. तब्येत न सांगणं बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ जून २०२० च्या आदेशानुसार कोविड रुग्णालयात चौकशीसाठी मदत कक्ष हवा, तिथे जाऊनही विचारता यायला हवं आणि फोनवरूनही. तयारी असलेल्या एका नातेवाइकाला आवारात नेमून दिलेल्या जागी थांबू द्यायचं, हेही त्याच आदेशात आहे. मोबाइलबद्दल केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्येच राज्यांना कळवलं की, घरच्यांशी बोलल्याने रुग्णाला मानसिक आधार मिळतो, म्हणून वॉर्डात स्मार्टफोन वापरू द्यावेत. फोन निर्जंतुक कसा करायचा आणि बोलायची वेळ कोणती, हे रुग्णालयाने ठरवायचं.

दारावरच्या रखवालदाराशी वाद घालून काही हाती लागत नाही. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने अर्धं पान अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात रुग्णाचं नाव, आयपीडी नंबर (दाखल करताना मिळालेला नोंदणी क्रमांक), वॉर्ड, खाट आणि घरातल्या एकाच माणसाचा नंबर लिहा. चार भावंडांनी चार वेळा फोन केला की प्रत्येकाला वेगळ्या पाळीतली सिस्टर भेटते, वेगळी माहिती मिळते आणि घरात गोंधळ उडतो. डॉक्टरांचा सकाळचा राउंड झाल्यानंतरची वेळ मागा. त्याआधी फोन उचलणाऱ्याकडे बहुधा रात्रीचीच माहिती असते.

‘कसे आहेत?’ असं विचारलं की ‘स्थिर आहेत’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा विचारा : ऑक्सिजन मिनिटाला किती लिटरवर आहे? नाकातल्या नळीने, पिशवीच्या मास्कने की बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर)? त्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, किती? कालच्यापेक्षा लिटर वाढवावे लागले का? दोन लिटरवरचं ९४ आणि पंधरा लिटरवरचं ९४ यांत फार मोठा फरक आहे. नुसत्या ९४ वर घरच्यांनी निर्धास्त होऊ नये.

आत सामान पाठवताना चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र विसरू नका, यंत्राचे जादा सेलही द्या. समोरच्याचं तोंड मास्कने झाकलेलं असतं, त्यामुळे कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ओठांवरूनही काही कळत नाही. तो भलतीच उत्तरं देतो आणि भ्रम झालाय असा समज होऊ शकतो. प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी लावून नाव आणि आयपीडी नंबर लिहा, अगदी चार्जरवरसुद्धा. दागिने मात्र अजिबात पाठवू नका.

प्रश्न : आईची प्रकृती गंभीर आहे. डॉक्टर एकाला पीपीई (संसर्गापासून बचाव करणारं किट) घालून दहा मिनिटं आत सोडणार आहेत. काय काळजी घ्यावी? (वाचक, नांदेड)

उत्तर : स्वतःला ताप, खोकला असेल तर जाऊ नका. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. आधी लघवीला जाऊन या, कारण किट मधेच काढता येत नाही. मास्क एन-९५ हवा. दोन्ही हातांच्या बोटांनी नाकावरची पट्टी दाबून बसवा आणि जोरात श्वास सोडून पाहा. कडेने वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर मास्क नीट बसलेला नाही. दाढी वाढलेली असेल तर तो घट्ट बसतच नाही. मोबाइल पारदर्शक पिशवीत घ्या, बाहेरच्या भावंडांना व्हिडिओ कॉल लावून देता येतो.

आईचा हात हातात घ्यायला हरकत नाही, हातमोजे त्यासाठीच आहेत. त्यानंतर तो हात स्वतःच्या तोंडाजवळ नेऊ नका.

खरा धोका किट काढताना असतो, कारण तोवर त्याची बाहेरची बाजू दूषित धरायची असते आणि माणूस दमलेला, रडलेला असतो. डोळे पुसायला हात आपोआप वर जातो. वरचे हातमोजे, मग गॉगल, मग अंगातला झगा आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली, शेवटी आतले हातमोजे. प्रत्येक टप्प्यानंतर सॅनिटायझर वीस-तीस सेकंद चोळा. मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, मागच्या पट्ट्यांना धरून काढा. समोरून हात लावू नका. काही ठिकाणी क्रम थोडा वेगळा असतो, तिथली सिस्टर सांगेल तसं करा आणि तिला समोर उभं राहायची विनंती करा.

प्रश्न : मृत्यू झाल्यास चेहरा पाहू देतात का? अस्थी घेता येतात का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दोन्हींना परवानगी आहे. केंद्राच्या १५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कर्मचारी मृतदेहाच्या पिशवीची चेन तोंडापाशी उघडून अंत्यदर्शन देऊ शकतात. स्पर्श, आंघोळ, मिठी यांना मनाई आहे. पोथी वाचणं, लांबून तीर्थ शिंपडणं असे स्पर्शाविना होणारे विधी चालतात. राखेपासून संसर्गाचा धोका नाही, त्यामुळे अस्थी जरूर गोळा करा. दर्शन हवं असेल तर मृतदेह शवागारातून हलवण्याआधीच सांगा. शववाहिका निघाल्यावर कुणी थांबत नाही.

प्रश्न : मुलीची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, बाळंतपण या आठवड्यात आहे. सोबत कुणी थांबू शकतं का? बाळ वेगळं ठेवतील का? (वाचक, बेळगाव)

उत्तर : सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मान्यता दिली आहे. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा. साथीत काही रुग्णालयं ही सोय थांबवतात, म्हणून आजच विचारून घ्या. सोबतिणीचीही चाचणी मागतील, तिचा अहवाल तयार ठेवा. बाळाला आईजवळ ठेवून अंगावर पाजायला जागतिक आरोग्य संघटनेची संमती आहे : आईने मास्क लावायचा, पाजण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे. तिला फार धाप लागत असेल तर दूध काढून निरोगी माणसाने वाटी-चमच्याने पाजावं.