परसातली फरशी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : घरामागे भिंतीलगत १२ फूट लांब आणि भिंतीपासून बाहेर १० फूट अशी मोकळी जागा आहे. तिथे शहाबादी फरशी टाकून संध्याकाळी बसण्याजोगी जागा करायची आहे. गवंडी न लावता घरच्या घरी जमेल का? जमीन काळी आहे. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : जमेल, फक्त दोन माणसं हवीत. २ × २ फुटांची सव्वा इंच जाड फरशी तीस किलोच्या आसपास भरते, ती एकट्याने उचलून नीट टेकवता येत नाही. फरशी बसवणं हा यातला सोपा भाग आहे. खणणं आणि मुरूम ठोकणं हे खरं काम, आणि पावसाळ्यानंतर फरशी जागेवर राहणार की नाही ते तिथेच ठरतं.

आधी पाणी कुठे जाणार ते ठरवा. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दर ४ फुटांना १ इंच. म्हणजे १० फुटांत अडीच इंच. शहाबादीचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यामुळे याहून कमी उतारात पाणी थबकतं. भिंतीकडची तयार पातळी घराच्या जोत्यापेक्षा निदान ६ इंच खाली हवी, नाहीतर पावसाचे शिंतोडे भिंतीवर उडून ओल चढते. बाहेरच्या कडेला उतरलेलं पाणी फुलझाडांच्या वाफ्यात किंवा खडी भरलेल्या उथळ चरात सोडा, शेजाऱ्याच्या कुंपणाकडे नको. मध्ये ड्रेनेजचं चेंबर येत असेल तर त्याचं झाकण फरशीच्या पातळीला उचलून घ्या. फरशीखाली गाडलेलं चेंबर तुंबलं की सगळं उखडावं लागतं.

आखणीसाठी चार खुंट्या, दोरी आणि पाण्याची लेव्हल ट्यूब पुरते. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की पातळी चुकते, तेवढं बघून घ्या. कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फुटांवर आणि दुसरीवर ८ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर १० फूट आलं की काटकोन झाला. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, ते १५ फूट साडेसात इंच यायला हवेत. दोरी तयार फरशीच्या पातळीला, उतारासह बांधा. खड्ड्याची खोली दोरीपासून मोजायची, जमिनीपासून नाही. तसं केलं की तळालाही आपोआप उतार येतो. तळ सपाट ठेवून नुसत्या फरशीला उतार दिला तर आत झिरपलेलं पाणी तळाशी साचून राहतं.

आता काळी माती. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते, आणि वरच्या फरशीला सोबत उचलते. म्हणून मुरमाचा थर तुमच्याकडे १ फुटाचा हवा. (तांबड्या किंवा मुरमाड जमिनीत ६ इंच पुरतात.) फरशी सव्वा इंच, तिच्याखाली कच (खडीक्रशरमधला दगडाचा बारीक चुरा) सव्वा इंच आणि मुरूम १२ इंच, म्हणजे दोरीपासून साडेचौदा इंच खाली. तीन मोकळ्या बाजूंनी खड्डा सहा-सहा इंच जास्त घ्या. यातून जवळजवळ दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) सुटी माती निघेल. ती टाकायची कुठे हे खणण्याआधी ठरवा, भिंतीला टेकवून ढीग घालू नका. भिंतीजवळ नळाचे आणि सांडपाण्याचे पाइप असतात, तिथे पहार न मारता हळूच खणा. घराला वाळवीप्रतिबंधक औषध मारलं असेल तर खणल्याने भिंतीलगतचा तो थर मोडतो. तेवढ्या पट्ट्यात ते पुन्हा करून घ्या.

तळावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. ते नसेल तर ओली काळी माती मुरमात वर घुसते आणि थर मऊ पडतो. ठोकून घट्ट झालेला १ फुटाचा थर हवा असेल तर सुटा मुरूम पावणेदोन ब्रास लागतो. एकदम ओतू नका. चार इंचाचा सुटा थर पसरायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मसाने (जमीन ठोकायच्या जड ठोकणीने) किंवा भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकून तीन इंचांवर आणायचा, मग पुढचा. मूठभर मुरूम दाबल्यावर त्याचा लाडू वळावा आणि तळहात ओला होऊ नये, इतकीच ओल हवी. फार ओला मुरूम ठोकताना रबरासारखा हलतो, घट्ट होत नाही. सर्वांत जास्त कंटाळा इथेच येतो आणि फरश्या पुढे खचतात त्या याच कंटाळ्यामुळे.

त्यावर खडीक्रशरची बारीक कच, साधारण २० घनफूट मागवा. नदीच्या गोल कणांच्या वाळूपेक्षा कच बरी, तिचे कोनेदार कण एकमेकांत अडकून राहतात. एक इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास ३३ मिलिमीटरच्या आसपास असतो. असे दोन पाइप मुरमावर समांतर ठेवून त्यांच्यावरून सरळ फळी ओढली की हवा तेवढा थर मिळतो. पाइप काढून त्यांच्या खाचा भरा आणि त्या थरावर पाय देऊ नका.

फरशी बिनपॉलिशची घ्या. ३० लागतील, तीन जास्त आणा. जाडी सगळ्यांची सारखी नसते, म्हणून आधीच जाड आणि पातळ असे दोन गठ्ठे करा. पातळ फरशीखाली थोडी जास्त कच घालायची. भिंतीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. भिंत आणि पहिली ओळ यांच्यात अर्धा इंच फट सोडून ती सीलंटने बुजवा, म्हणजे पाणी पायाकडे जाणार नाही. दोन फरश्यांत तीन सूत (३/८ इंच) सांधा ठेवा. सांध्यांमुळे सहा फरश्यांची ओळ १२ फुटांपेक्षा जवळपास दोन इंच जास्त भरते, तेव्हा कडेच्या विटा शेवटी लावा. रबरी हातोड्याने ठोकताना पोकळ आवाज आला तर फरशी उचला, कच भरा, पुन्हा बसवा. जोरात ठोकून पोकळी भरत नाही.

तिन्ही कडांना पक्क्या भाजलेल्या विटा १:३:६ काँक्रीटमध्ये (एक भाग सिमेंट, तीन वाळू, सहा खडी) उभ्या रोवा. कड बांधली नाही तर दोन पावसाळ्यांत कच बाजूने निसटते आणि शेवटची ओळ कलते. बाहेरच्या कडेची वीट फरशीपेक्षा किंचितही वर राहू देऊ नका, पाणी तिथेच अडेल. सांध्यात कोरडी कच झाडूने भरा, हलकं पाणी मारा, आठवड्याने पुन्हा भरा.

काळ्या जमिनीत हे काम दिवाळीनंतर करावं. मे महिन्यात माती पूर्ण आकसलेली असते. तेव्हा बसवलेली फरशी पहिल्याच पावसात उचलली जाते.

प्रश्न : वर्षभरापूर्वी वाळूवर फरश्या बसवून सांधे सिमेंटने भरले. पावसाळ्यात सांधे तडकले, काही फरश्या डुगडुगतात. वरून पुन्हा सिमेंट भरावं का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : नको. खालचा थर सुटा आहे, तो थोडा हलणारच. सिमेंटचा सांधा ताठ असतो, त्यामुळे तो तडकतो. तड्यातून पाणी आत जातं, वाळू वाहून नेतं, फरशी आणखी डुगडुगते. एकतर खाली-वर दोन्ही सुटं ठेवा, किंवा खाली काँक्रीट घालून सगळं सिमेंटात बसवा. अर्धं-अर्धं टिकत नाही.

डुगडुगणाऱ्या फरश्यांचे सांधे छिन्नीने मोकळे करा. दोन चपट्या पहारींनी फरशी उचला, एकीने उचकटली तर कोपरा उडतो. खाली बघा : वाळू गेली असेल तर कच भरून भागेल. मुरूमच दबला असेल तर तेवढा भाग खणून थरावर थर ठोकावा लागेल. फरश्यांना चिकटलेलं सिमेंट ॲसिडने काढायचा मोह होईल. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खातं आणि पांढरट डाग कायमचे राहतात. छिन्नी आणि तारेचा ब्रश, एवढंच वापरा.

प्रश्न : फरशीऐवजी सरळ काँक्रीट केलं तर? जागा तेवढीच, १२ × १०. (एक वाचक, सातारा)

उत्तर : चालेल. ४ इंच जाडी आणि १:२:४ मिश्रण धरलं तर सिमेंटच्या साधारण ८ गोण्या, वाळू १८ घनफूट, खडी ३५ घनफूट. खालचा मुरूम तसाच ठोकून घ्यायचा. घराच्या भिंतीपासून अर्धा इंच सुटं ठेवा. दोन्ही दिशांनी मध्यावर एक-एक इंच खोल सांधा पाडून ६ × ५ फुटांचे चार तुकडे करा, म्हणजे तडा जायचाच असेल तर सांध्यातून जाईल. पाणी कमी घाला. पातळ काँक्रीट पसरायला सोपं, पण वरचा थर पुढे भुकटी होऊन झडतो. उतारावर पाणी साचून राहत नाही, तेव्हा ओली गोणपाटं अंथरून सात दिवस, उन्हाळ्यात दहा दिवस ओलं ठेवा.

प्रश्न : परसात जांभ्याचे चिरे घातले आहेत. पावसात शेवाळ येऊन आई दोनदा घसरली. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : जांभा सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो, शेवाळ पूर्ण थांबणार नाही. त्याची वाढ मात्र कमी करता येते. वर टेकलेल्या फांद्या छाटून ऊन पोचू द्या, कुंड्या जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवा, पागोळ्या चिऱ्यांवर पडत असतील तर पन्हळ लावा. घासायला कडक ब्रश आणि ब्लीचिंग पावडरचं पाणी, दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू निघतो. आईंच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मात्र घासण्यावर विसंबू नका. दाराच्या पायरीपासून चुलीपर्यंत किंवा विहिरीपर्यंत, जिथे त्या रोज जातात तिथे, दोन फूट रुंद पट्टा खडबडीत काँक्रीटचा करून घ्या, ओला असतानाच झाडूने आडव्या रेघा ओढून, आणि पायरीशी हाताला धरायला एक पाइप रोवा.