पाकिटातली ओली पानं आणि तळाशी साचणारं गुलाबी पाणी

पाडव्याला सोसायटीच्या जेवणात ३० जणांसाठी स्ट्रॉबेरी-लेट्यूसचं सॅलड करायचंय, घरी करून बघितलं तर अर्ध्या तासात पानं लोळागोळा झाली आणि भांड्याच्या तळाशी गुलाबी पाणी साचलं, ड्रेसिंगचं प्रमाण चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. पानं ‘धुतलेली, थेट खाण्यास तयार’ अशा पाकिटातली होती, हे मात्र ओघात लिहून गेलात. दुखणं तिथेच आहे. ड्रेसिंगला बोल लावू नका.

भाचीच्या केळवणाला आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. एका ऑनलाइन किराणा कंपनीकडून अशीच पाकिटं मागवली होती. बाहेरून हिरवीगार. सकाळी ताटात ओतली तर मधली पानं काळपट, कडा बोटाला बुळबुळीत लागत होत्या आणि पाकिटाला आतून पाण्याचे थेंब चिकटलेले. बरी पानं वेचून घेतली, पण तीही दमट. तक्रार केली तर चॅटवर फोटो मागितले. पाठवले. मग म्हणे, पाकीट न उघडता काढलेला फोटो हवा. अहो, न उघडता आतलं सडकं पान दिसणार कसं? तासाभरानं उत्तर आलं की नाशवंत माल परत घेतला जात नाही, आणि तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद. बोलायला फोन नंबर नाही, माणूस नाही. पैसे फार नव्हते, पण पाहुणे दारात आणि सकाळ त्या चॅटमध्ये गेली, याचा राग अजून आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर पाकीट उघडतानाच व्हिडिओ काढा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा, आणि कंपनीनं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

आता पानांकडे. माझं ठाम मत आहे की ३० माणसांसाठी पाकीट घेऊच नये. अख्खे गड्डे घ्या. रोमेन किंवा साधं हिरवं लेट्यूस, जोडीला थोडा कोवळा पालक. आइसबर्ग कुरकुरीत असतो, पण चवीला निव्वळ पाणी. गड्ड्याचं बूड बघून घ्या: कापलेली जागा पांढरी, फार तर फिकट तपकिरी असावी. गडद लाल-तपकिरी आणि चिकट असेल तर माल शिळा. माणशी ४० ग्रॅम पानं पुरतात, म्हणजे ३० जणांना सव्वा किलो. वरची पानं आणि बूड काढण्यात जाईल ते धरून दीड किलो आणा.

पानं सुटी करून बर्फाच्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवा. मलूल पान पाणी पिऊन पुन्हा ताठ होतं, आणि माती तळाशी बसते. म्हणून पाणी ओतून टाकू नका, पानं वरून उचलून घ्या, नाहीतर बसलेली माती परत पानांवर येते. शेवटचं पाणी पिण्याचं हवं, कारण हे पान शिजणार नाहीये.

यानंतरचं काम कुणीच मनापासून करत नाही: वाळवणं. ओल्या पानाला तेल धरत नाही. ड्रेसिंग घसरून तळाशी जातं आणि पानावरचं पाणी त्यात मिसळतं. तुमच्या गुलाबी पाण्यातलं निम्मं हेच आहे. बाकीचं निम्मं फळांचं, त्याकडे येतेच. धुवट सुती पंचावर पानं एकेरी पसरा, वर दुसरा पंचा, हलक्या हातानं टिपा. मग पंचाची सैल पुरचुंडी बांधून गच्चीत किंवा बाथरूममध्ये गोल फिरवा. खरंच फिरवा, भिंतीवर थेंब उडतात ते बघा. दोन पानं एकमेकांवर घासली की कोरडी सरसर ऐकू आली पाहिजे. मग कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात भरून फ्रिजमध्ये. आदल्या रात्री केलं तरी सकाळी पानं उत्तम राहतात. सुरीनं बारीक चिरू नका, हातानं मोठे तुकडे करा, तेही वाढायच्या आधी.

फळांचं. पाडव्यापर्यंत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी उन्हानं मऊ पडायला लागलेली असते. आधी धुवा, कोरडी करा, मग देठ काढा. देठ काढून धुतली तर त्या खळग्यातून पाणी आत जातं. चकत्या नकोत, उभे दोन भाग पुरे. आणि साखर किंवा मीठ लावून ठेवू नका. साखर-मीठ फळातलं पाणी ओढून बाहेर काढतं, कोशिंबिरीला मीठ लावून ठेवल्यावर होतं तेच. खरं सांगायचं तर पाडव्याला मी स्ट्रॉबेरी कमी करून काळी बिनबियांची द्राक्षं जास्त घेते. ती पाणी सोडत नाहीत आणि तेव्हा त्यांचा भर असतो. थोडी कैरी काडीसारखी चिरून घातली तर लिंबूही कमी लागतं. संत्रं घालणार असाल तर फोडी सोलून चाळणीत निथळत ठेवा.

ड्रेसिंग: चौघांना ३ चमचे तेल, १ चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा मध, चिमूटभर मीठ, मिरपूड, हवं तर किंचित मोहरीची पेस्ट. बरणीत घालून खळखळून हलवा. ऑलिव्ह तेलच हवं असं काही नाही, घाण्याचं शेंगदाणा तेल मला जास्त आवडतं. मेयोनीज कृपा करून नको, आणि स्ट्रॉबेरीवर चाट मसाला तर अजिबात नको. बरेच जण समजतात की लिंबामुळे पान मरगळतं, पण तेलही पानावरच्या मेणचट थरातून आत शिरून त्याला मऊ करतं. म्हणून सगळं एकदम कालवू नका. ३० जण एका वेळी जेवायला बसत नाहीत. आठ-दहा जणांपुरतं परातीत कालवा, संपलं की पुढचं. फळं आणि भाजलेले अक्रोड किंवा शेंगदाणे वरून पसरा, कालवताना घालू नका.

मी आहारतज्ज्ञ नाही, त्यामुळे हे घरचं सांगणं समजा. पण सोसायटीत वयस्कर मंडळी असतील. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वाचा त्या गोळीशी संबंध येतो. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक जपून. गरोदर बाईसाठी कच्च्या पानांची धुलाई जास्तच कसोशीनं करा. तान्ह्या बाळाला वर्षाच्या आत मध नको, त्यामुळे ड्रेसिंगचं बोटही चाटवू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय, लेट्यूस मिळालंच नाही तर मेथी चालेल का. चालेल, पण स्ट्रॉबेरीबरोबर नाही, कडू लागेल. मेथीच घ्यायची तर सरळ खानदेशी घोळाणा करा: कोवळ्या मेथीची पानं, बारीक कांदा, हिरवी मिरची, जाडसर शेंगदाण्याचा कूट, कच्चं तेल. वरून द्राक्षं अर्धी करून घाला, कडूपणाला गोडवा छान धरतो. मीठ मात्र पानं वाढून झाल्यावर, प्रत्येकाच्या ताटात.