वाचकांचे प्रश्न : मोठ्या क्रूझ जहाजावर कुटुंबासह

प्रश्न : आम्ही दोघे, आठ व अडीच वर्षांची दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेले आईवडील असे सहा जण आठवडाभराच्या क्रूझवर जाण्याचा विचार करीत आहोत. जहाज एवढे प्रचंड असते की बोट लागतच नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. ते खरे मानावे का? आणि केबिन निवडताना काय पाहावे?

उत्तर : अर्धे खरे मानावे. २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज सुमारे ३६५ मीटर लांब आणि वीस डेकचे आहे. त्याचे सकल टनेज अडीच लाखांच्या आसपास जाते. हा आकडा वजनाचा समजला जातो, पण तो जहाजातील बंदिस्त जागेच्या आकारमानाचा असतो. असे धूड लहान लाटांना दाद देत नाही हे खरे, शिवाय पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. परंतु ते जहाजाचे डावीकडे-उजवीकडे डोलणे कमी करतात. समोरून लाटा येऊ लागल्या की पुढचे टोक वर आणि मागचे खाली असा जो झोका बसतो, त्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. बागेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेले मूल सर्वांत उंच जाते आणि मधला दांडा जवळजवळ जागचा हलत नाही, तसेच येथेही होते. ज्यांना बोट लागण्याची भीती आहे त्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर केबिन घ्यावी. उंचावरच्या केबिनमधून देखावा सुंदर दिसतो, पण खवळलेल्या समुद्रात कपाटातल्या हँगरांची किणकिण रात्रभर ऐकावी लागते, ती तिथेच.

केबिन ठरविण्यापूर्वी डेकचा नकाशा मागून घ्यावा आणि आपल्या वर व खाली काय आहे ते पाहावे, कारण जाहिरातीतल्या छायाचित्रांपेक्षा तो नकाशा जास्त खरे बोलतो. जलतरण तलावाच्या थेट खाली केबिन असली तर पहाटे आरामखुर्च्या सरकवल्याचा आवाज डोक्यावर येतो. बाल्कनी म्हटली की समुद्र दिसणारच असेही नाही. २००९ मध्ये आलेल्या ‘ओअॅसिस ऑफ द सीज’वर जहाजाच्या मधोमध खऱ्या झाडांची बाग केलेली असून अनेक बाल्कन्या त्या बागेकडे उघडतात. लहान मुलांसाठी त्या वाईट नाहीत, फक्त ते आधी माहीत असावे. आपल्यासारख्या सहा जणांनी आतून दार असलेल्या दोन जोडकेबिन मागाव्यात. केवळ शेजारच्या केबिन म्हणजे जोडकेबिन नव्हेत, आणि नोंदणीच्या वेळी ही गल्लत फार होते. आईवडिलांसाठी लिफ्ट जवळ असावी, अगदी समोर मात्र नको. एका रंगाच्या, एकसारख्या दारांच्या त्या लांबलचक मार्गिकेत मोठी माणसेही चुकतात. दारे बहुधा पोलादी असल्याने आम्ही आमच्या दारावर चुंबकाने एक कागदी मासा लावला होता आणि मुलांनी केबिनचा क्रमांक एकदाही पाठ केला नाही.

प्रश्न : मुले दिवसभर किड्स क्लबमध्ये रमतात म्हणे. धाकट्यालाही तिथे ठेवता येईल का?

उत्तर : बहुतेक जहाजांवर क्लबचा प्रवेश तीन वर्षे पूर्ण झाल्यावर आणि मुलाचा डायपर सुटल्यावरच मिळतो. त्याहून लहानांसाठी पाळणाघर असलेच तर ते स्वतंत्र, जागा मोजक्या आणि शुल्क वेगळे. डायपरची अट तलावांनाही लागू असते. पोहण्याचा खास डायपर घातला तरी मुख्य तलावात मुलाला उतरू देत नाहीत, त्याच्यासाठी वेगळी उथळ कारंज्यांची जागा काही जहाजांवरच असते. आपल्या बाबतीत जहाज निवडण्याचा पहिला निकष हाच धरावा, घसरगुंड्यांची संख्या नंतर मोजावी. आठ वर्षांच्या मुलासाठी मात्र एक युक्ती आहे : जहाज बंदरात थांबलेल्या दिवशी बहुतेक प्रवासी गाव पाहायला उतरतात आणि एरवी लांबच लांब रांग असलेली घसरगुंडी जवळजवळ मोकळी मिळते. जीवरक्षक प्रत्येक जहाजावर असतोच असे गृहीत धरू नये.

प्रश्न : भाड्यात सगळे आले का?

उत्तर : नाही. मुख्य भोजनगृह, बुफे, तलाव आणि बहुतेक कार्यक्रम भाड्यात येतात. विशेष उपाहारगृहे, मद्य, इंटरनेट आणि बंदरावरच्या सहली सहसा येत नाहीत. दवाखान्याचे बिलही वेगळे असते, म्हणून ज्येष्ठांचा प्रवासविमा टाळू नये. जहाज निघताच फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर तो जहाजावरच्या उपग्रह-जोडणीच्या मोबाइल नेटवर्कला आपोआप चिकटतो आणि बिल घरी आल्यावर कळते.

प्रश्न : निघण्यापूर्वीची सुरक्षा कवायत मुलांसाठी चुकवली तर चालेल का?

उत्तर : अजिबात चालणार नाही. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण मृत्यू पावले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले. हल्ली अनेक जहाजांवर चित्रफीत फोनवर पाहून नेमून दिलेल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे आणीबाणीत जमण्याच्या जागी, फक्त हजेरी लावायची असते, त्यामुळे सारे थोडक्यात उरकते. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा आणीबाणीचा इशारा मुलांना तोंडाने वाजवून दाखवावा. मुलांना मिळणाऱ्या मनगटपट्टीवर स्टेशनचा क्रमांक असतो, ती पोहतानाही काढू नये.