क्षारपड रानात हरभऱ्याला गाठी का धरत नाहीत?

प्रश्न : आमची जमीन क्षारपड आहे, विहिरीचे पाणीही खारे. हरभऱ्याला दोन वर्षे रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) लावून पेरले, तरी मुळांवर गाठी दिसत नाहीत. क्षाराने जिवाणू मरतात का? पाकिटे दुप्पट वापरली तर फरक पडेल का?

उत्तर : पाकिटे दुप्पट करू नका. आधी बियाण्याला जिवाणू चिकटवायचे गुळाचे द्रावण कोणत्या पाण्यात केले ते आठवा. बहुतेक ठिकाणी चूक तिथेच होते. विहिरीच्या पाण्याची ईसी (क्षार किती ते दाखवणारा आकडा) 3 असेल, तर एका लिटरमध्ये साधारण 2 ग्रॅम क्षार असतात. हे पाणी बियाण्यावर सुकते तेव्हा पाणी उडून जाते, क्षार मात्र तिथेच राहतात. लिटरचे शंभर मिली उरेपर्यंत तीव्रता जवळजवळ दहापट होते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त. जिवाणू त्याच थरात बसलेले असतात. मातीत पोचण्याआधीच त्यांतले बरेच संपतात.

क्षार हे काही विष नव्हे; ते जिवाणूचे पाणी ओढून घेतात. बाहेर क्षार वाढले की पेशीतले पाणी बाहेर जाऊ लागते. ते थांबवायला जिवाणू आधी पोटॅशियम आत ओढतो, मग प्रोलीन, ग्लायसिन बीटेन, ट्रेहॅलोज असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठवतो. हे होईपर्यंत त्याची वाढ थांबते, आणि नंतर सुरू झाली तरी मंद असते, कारण बरीचशी ताकद स्वतःला सांभाळण्यातच खर्च होते. क्षार हळूहळू वाढले तर बरेच जिवाणू जुळवून घेतात. एकदम वाढले तर मरतात. एकाच जातीच्या जिवाणूंमध्येही काही वाण क्षार सोसणारे, तर काही नाजूक असतात.

आता मुख्य गोष्ट. रायझोबियम एकटा असताना जेवढा क्षार सोसतो, तेवढा क्षार गाठ धरण्याच्या वेळी चालत नाही. मुळाचा केस वळणे, त्यातून जिवाणू आत शिरणे आणि गाठ बांधली जाणे हा काळ सगळ्यात नाजूक असतो. त्यातून हरभरा हे पीकच क्षाराला हळवे. म्हणून मातीत जिवाणू जिवंत असूनही मुळे कोरी राहू शकतात. पेरणीपासून पहिले तीन आठवडे बियाण्याभोवतीची माती गोडी राखणे, हाच यावरचा उपाय.

प्रयोगशाळेचा मातीच्या ईसीचा आकडा एकटा पुरत नाही. आपल्याकडे तो बहुधा 1:2.5 माती-पाण्याच्या मिश्रणात काढतात. 1 च्या आत ठीक, 1 ते 2 असेल तर उगवणीला धोका, 3 च्या वर बहुतेक पिकांना अपायकारक. पण मातीतला ओलावा निम्म्यावर आला की उरलेल्या पाण्यातला क्षार दुप्पट होतो. वरंब्यावर तर पाणी वर चढून उडते आणि क्षार माथ्यावर साठतात. पांढरी खार तिथेच फुटते. बी माथ्यावर टोकले तर सगळ्यात खाऱ्या जागी पडते. म्हणून वरंब्याच्या बगलेत, माथ्याच्या खाली टोकणी करा. एका सरीआड पाणी दिले, तर क्षार कोरड्या सरीकडे सरकतात. मग ओल्या सरीच्या बाजूला बी ठेवा. कोरडवाहू रानात पावसाच्या ओलीवर, चांगल्या वाफशात पेरा. पेरून लगेच खारे पाणी देऊ नका.

बीजप्रक्रियेसाठी पावसाचे साठवलेले किंवा पिण्याचे गोडे पाणी घ्या. एकराला दोन-तीन लिटर पुरते. 1 लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम हरभऱ्याचे रायझोबियम आणि 250 ग्रॅम स्फुरद विरघळवणारे जिवाणू लागतात. सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही. द्रावण बी ओले होण्यापुरतेच वापरा. जास्त झाले तर हरभऱ्याची साल सुटते. बुरशीनाशक आधी लावून सुकवा, जिवाणू शेवटी. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बियाण्यात रासायनिक खत मिसळू नका, तेही क्षारच आहे.

जमिनीतही जिवाणू द्यायचे असतील, तर एकरी 2 किलो कल्चर 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, गोड्या पाण्याने ओलसर ठेवून आठवडाभर सावलीत झाका. शेणखतात त्यांना अन्न आणि आडोसा मिळतो, मग ते रानात टिकतात. मात्र विहिरीच्या खाऱ्या पाण्याने ड्रममध्ये गूळ घालून कल्चर वाढवण्याचा खटाटोप करू नका. त्या पाण्यात दुसरेच क्षार सोसणारे जिवाणू पुढे जातात, आणि ड्रम फसफसला म्हणजे रायझोबियम वाढले असे मुळीच नसते. लखनौ येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या प्रादेशिक केंद्राने क्षार सोसणारी ‘हॅलो-अ‍ॅझो’ आणि ‘हॅलो-पीएसबी’ ही जिवाणू खते तयार केली आहेत. मिळाली तर जरूर वापरा, पण त्यांनाही वरची काळजी लागतेच.

सामूही (पीएच) पाहा. सामू 8.5 च्या आत आणि ईसी जास्त असेल, तर जमीन खारवट आहे. तिला चर काढून निचरा आणि गोड्या पाण्याने क्षार धुणे हाच इलाज, जिप्सम नव्हे. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम) 15 टक्क्यांहून जास्त असेल, तर ती चोपण. तिला माती परीक्षणानुसार जिप्सम लागते, आणि तेही निचरा असला तरच उपयोगी पडते. चुनखडीच्या चोपण जमिनीत गंधक वापरता येते, पण गंधकाचे आम्ल करणारेही जिवाणूच. त्यांना ओल, ऊब आणि काही आठवडे द्यावे लागतात. अशा रानात खरिपात हिरवळीच्या खतासाठी ताग नव्हे, तर धैंचा एकरी 16 ते 20 किलो पेरा आणि फुलोऱ्याआधी, 45 ते 50 दिवसांनी गाडा. धैंचा क्षारातही गाठी धरतो.

पेरणीनंतर 35 दिवसांनी रोप उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढून पाण्यात धुवा. गाठ कापून आत गुलाबी दिसली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. बगलेतली आणि माथ्यावरची चार-चार रोपे शेजारी ठेवून पाहा आणि दोन्ही जागची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून तपासायला द्या.