आहार जागेचा असतो

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातल्या मजकुरापेक्षा सोबतचा तक्ताच मी जास्त वेळ पाहत बसलो. कोल्ह्याच्या विष्ठेच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत बोरांच्या बिया, त्याखालोखाल उंदरांचे केस, थोडी कोंबडीची पिसं. ज्या पुस्तकावरून तयारी केलीस त्यात उंदीर आणि ससे वर आहेत, म्हणून तू गडबडलीस. आता विचारतेस, नमुने दुसऱ्याच प्राण्याचे तर नसतील ना? आणि बियांचा रकाना ‘इतर’मध्ये टाकला तर चालेल का?

नाही चालणार.

नमुने कोल्ह्याचेच आहेत का, ही शंका रास्त आहे. ठसे, आकार, सापडल्याची जागा आणि जमलं तर डीएनए तपासणी यांवरून ती फेडून टाक. पण उंदीर पहिले आले असते तर ही शंका तुला आली असती का? निकाल पुस्तकाशी जुळला नाही म्हणून नमुन्यांवर संशय घ्यायचा आणि जुळला की डोळे मिटायचे, ही सवय आत्ताच मोड.

आहार जातीचा नसतो, जागेचा असतो. तुझा कोल्हा हंगेरीत मुख्यतः उंदरांसारख्या लहान प्राण्यांवर जगतो, आणि तिथून जवळच्या सर्बियात कत्तलीनंतर फेकलेल्या अवशेषांवर आणि मेलेल्या जनावरांवर. जात एकच. बिज्जूचा युरोपातला भाऊबंद बॅजर ब्रिटनमध्ये गांडुळं वेचतो, तर दक्षिण स्पेनच्या दोन्यानात सशांची पिल्लं उकरून काढतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लांडगे एरवी हरणं मारतात, पण सॅमन मासे नद्यांत चढू लागले की हरणं भरपूर असतानाही माशांकडे वळतात. सॅमन चरबीने भरलेला असतो आणि लाथा मारत नाही. आता यातला ‘खरा’ लांडगा कुठला, सांग मला. मांसाहारी गणातला पांडा तर जवळजवळ पूर्णपणे बांबूवर जगतो, तिथे तू काय करशील?

जागा म्हणजे तरी काय, हे नीट समजून घे, कारण इथेच बहुतेकजण घाईने पुढे जातात. जागा म्हणजे प्राण्यांची शिरगणती नव्हे. पश्चिम महाराष्ट्रात अकोले भागात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला. भक्ष्याच्या एकूण वजनापैकी ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले. त्यात कुत्रे ३९ टक्के आणि शेळ्या फक्त ११, आणि त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! नुसती संख्या पाहिली असती तर शेळी वर यायला हवी होती. पण शेळीवर दिवसा राखणाऱ्याचं लक्ष असतं आणि रात्री ती गोठ्यात बंद होते. कुत्रा मात्र बिबट्याच्या वेळेला मोकळा फिरतो. आपण दिवसा मोजलेलं आणि शिकाऱ्याला रात्री गाठता येणारं, यांत फार अंतर असतं. ते अंतर हाच तुझा विषय आहे. बोरांच्या बिया हा त्याचा पहिला पुरावा आहे आणि तू तो लपवायला निघालीस.

जागेत काळही येतो, आणि कधी माणसाचं पंचांगसुद्धा. उत्तर इथिओपियात ठिपकेदार तरस माणसांनी टाकलेल्या अवशेषांवर जगतात. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा दीर्घ उपवास सुरू झाला की कत्तल थांबते, फेकलेले अवशेष कमी होतात आणि तरस गाढवं मारू लागतात. उपवास सुटला की पुन्हा पूर्ववत. तो अभ्यास कुणी वर्षातल्या एकाच महिन्यात उरकला असता तर? तुझे सगळे नमुने हिवाळ्यातले आहेत, बोरं पिकण्याच्या दिवसांतले. हे तू पत्रात एका कोपऱ्यात लिहिलंस. ते तक्त्याच्या डोक्यावर यायला हवं होतं.

मोजमापाबद्दल थोडक्यात. बी अख्खं बाहेर पडतं आणि लगेच दिसतं, तर टाकलेलं मऊ मांस खाल्लं तर केसही मागे राहत नाही. त्यामुळे ‘किती नमुन्यांत आढळलं’ आणि ‘किती खाल्लं’ हे दोन वेगळे तक्ते कर. प्यूमा या अमेरिकेतल्या मोठ्या मांजरासाठी १९८४ साली मांडलेलं, विष्ठेवरून खाल्लेल्या सावजाचं वजन काढायचं समीकरण तुझ्या कोल्ह्याला लावू नकोस, कितीही लोकांनी वाटेल त्या प्राण्याला ते लावलेलं असलं तरी.

मी एवढा हट्टाने का बोलतोय तेही सांगतो. माझ्या लांडग्यांच्या तक्त्यात शेळ्या-मेंढ्या सगळ्यांत वर होत्या. हे बरं दिसत नाही, पाळीव जनावरं एका ओळीत उरकून टाक, असं मला वरून सांगण्यात आलं. मी ऐकलं नाही. लेख कितीतरी काळ पडून राहिला, मागून आलेल्यांचे आधी छापून झाले, आणि ती टोचणी अजून गेलेली नाही. तरी पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. ती ओळ मी दडपली असती तर धनगरांचं नुकसान कागदावर उरलंच नसतं आणि लांडगा माळावर कशावर तग धरून आहे हेही कुणाला कळलं नसतं. खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या माळावर ससे किती, काळवीट किती, हे मोजायला मला माणसं मिळाली नाहीत. आता माळ नांगरला गेलाय. लांडग्याने काय खाल्लं ते माझ्याकडे आहे, त्याच्यापुढे काय होतं ते नाही.

गीरचं बघ. सत्तरच्या दशकात तिथले सिंह मुख्यतः गुरांवर जगत. पुढे काही मालधारी, म्हणजे गुरं पाळणारी, कुटुंबं जंगलाबाहेर वसवली गेली, चराई कमी झाली, चितळ-सांबर वाढले, आणि सिंहांच्या खाण्यात रानातलं सावज पुढे आलं. हा बदल आज आपण सांगू शकतो, कारण गुरांचा आकडा त्या वेळी कुणीतरी सरळ लिहून ठेवला. त्याने तो ‘इतर’मध्ये टाकला नाही.

तू हुशार आहेस, चिकाटीची आहेस, त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. पण नवा तक्ता एवढ्यात पाठवू नकोस. आधी नकाशा पाठव. बोरीची झुडपं कुठे आहेत, कोंबड्या रात्री कुठे कोंडतात, मेलेलं जनावर कुठे टाकतात, उंदरांची बिळं बांधावर जास्त की पडीक रानात. हे उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा नोंदव. प्रत्येक नमुना त्या नकाशावर कुठे सापडला ते टिंब देऊन दाखव, आणि बियांना त्यांची स्वतंत्र ओळ दे, सगळ्यांत वर.