वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर हातात मेडिकल कडं घालणं खरंच गरजेचं आहे का? गोव्यात कुठे मिळेल?

घाला. स्टीलचं घाला, ओबडधोबड दिसलं तरी चालेल, पण त्यावर कोरलेली वैद्यकीय माहिती बाहेरून वाचता येईल असं घाला.

तुम्ही लिहिलंय की गॅस्ट्रिक बायपास होऊन वर्ष झालं, सर्जननी कडं किंवा लॉकेट वापरायला सांगितलंय, पण 'घरचे म्हणतात लोक विचारतील, कशाला उगाच'. त्या 'घरचे म्हणतात'वर माझी गाडी अडली, म्हणून लिहायला बसले. नाहीतर एरवी मी इथे फक्त वाचते.

माझा बायपास २०१७ चा, पुण्यात झालेला. फोंड्याला परत आले तोवर घरात ठराव होऊन गेला होता: कोणी विचारलं तर 'डाएट' सांगायचं. ठराव धाकट्या नणंदेचा. तिला म्हापशाला दिलीय, पण आमच्या घरचा कारभार अजून तिकडूनच चालतो. कड्यावर काय कोरायचं ते सर्जननी कागदावर लिहून दिलं होतं. मी साधी स्टीलची पट्टी मागवणार होते. नणंद म्हणाली, "वहिनी, हातात पत्रा घालून गणपतीच्या चवथीला बसणार तू? आलं-गेलं माणूस विचारेल ना काय झालंय म्हणून." नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोघींकडे बघून मान डोलावली आणि घरच्या शेटकडून, म्हणजे सोनाराकडून, सोन्याची पाटली झाली. वर शेवंतीची नक्षी, आणि अक्षरं आतल्या अंगाला, भिंगातून बघावी लागतील अशी. हे कोणाला दिसणार, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. साक्षीला शेट आहे.

पुढे एका वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही बाणस्तारीच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान घेऊन स्कूटरवरून येत होतो. माझ्या मांडीवर सुपारीचा कातरा, पिशवीत आंबाडे आणि कवंडळं. पाऊस रिपरिप चालू होता. म्हार्दोळच्या अलीकडे स्कूटर घसरली. नवऱ्याचा गुडघा फुटला, माझं डोकं आपटलं आणि मनगट मोडलं. १०८ आली, दवाखान्यात नेलं. नणंद चवथीसाठी आलेलीच होती, ती धावत आली. नवऱ्याला एक्स-रेला नेलं होतं आणि मी अर्धवट शुद्धीत. मनगट भराभर सुजत होतं, म्हणून सिस्टरने साबण लावून बांगड्या उतरवल्या, पाटलीही उतरवली, आणि सगळं रुमालात बांधून 'नातेवाइकांच्या ताब्यात' दिलं. पाटली नणंदेच्या पर्समध्ये गेली. म्हणजे माझी सगळी वैद्यकीय माहिती चेन लावून बंद.

एवढ्यावरही निभावलं असतं. कारण ड्युटीवरच्या डॉक्टरने रीतसर विचारलं होतं: बीपी, शुगर, कसली ॲलर्जी, आधी कसलं ऑपरेशन? शेजारच्या खाटेपाशी आमच्या वाड्यावरचीच, म्हणजे वस्तीतलीच, एक बाई उभी होती, कान टवकारून. नणंद त्या बाईकडे बघत डॉक्टरला म्हणाली, "छे हो, काही नाही. एकदम ठणठणीत आहे. डाएट करून केवढी बारीक झालीय बघा!"

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं.

मग दुखणं थांबवायला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन बसलं. प्लास्टर झाल्यावर हातात चिठ्ठी आली, त्यावरही तीच गोळी, दिवसाला दोन, पाच दिवस. तोवर मी भानावर आले होते. चिठ्ठी परत केली आणि बायपासचं सांगितलं. डॉक्टरने कपाळाला हात लावला. "मॅडम, तुमच्याच माणसांनी नाही म्हटलं की." चिठ्ठी फाडून त्याने पॅरासिटामॉल लिहून दिलं. त्याची काय चूक?

तुमच्या घरच्यांना हे कळायला हवं, म्हणून थोडं सांगते. बायपासमध्ये वर जठराची जेमतेम तीस मिलिलिटरची पिशवी उरते आणि तिला आतडं जोडलेलं असतं. त्या जोडावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या जातीच्या वेदनाशामक औषधांनी (डॉक्टरी भाषेत एनएसएआयडी) व्रण होतो, रक्तस्राव होतो, क्वचित भोकही पडतं. 'गोळी नको तर इंजेक्शन घ्या' म्हणणारे भेटतील. उपयोग नाही, ते औषध रक्तातून जाऊन तोच घोटाळा करतं. दुसरं, नाकातून पोटात नळी घालायची वेळ आली तर ती अंदाजाने सरकवायची नसते, पिशवीला किंवा जोडाला इजा होऊ शकते. तिसरं, दिवसेंदिवस उलट्या होऊन ॲडमिट झालात तर ग्लुकोज चढवण्याआधी बी-वन जीवनसत्त्व द्यायला हवं, नाहीतर मेंदूवर बेतू शकतं. आणि पोटात कळा आल्या तर 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा चघळत बसायचं नाही. आत आतडं अडकण्याचा प्रकार ऑपरेशननंतर कितीतरी वर्षांनीही होतो. यातलं काहीही तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. उलट बारीक झालेला माणूस बघून सगळ्यांना वाटतं, काय छान तब्येत आहे!

पुरुषांसाठी आणखी एक, आणि हे खास गोव्यातलं. गोड किंवा भाताचं जेवण जास्त झालं की तास-दोन तासांनी शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, जीभ जड होते. तुमची नोकरी पर्वरीला, घरी जायची वेळ संध्याकाळची. रस्त्याकडेला झुलणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे लोक दुसरा कसला विचार करतात का? 'दारू प्यायलेला असेल' म्हणतील आणि पुढे जातील. हातात कडं असलं तर निदान कोणीतरी वाकून बघेल.

ही कड्याची कल्पनाही एका घरच्या प्रसंगातूनच आली. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टर्लॉक गावात डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीचं बोट कापलं. धनुर्वाताचं अँटिटॉक्सिन (विषाचा उतारा) देण्याआधी चाचणीपुरतं ते थेंबभर टोचलं, तेवढ्याच्या ॲलर्जीनेच ती मरता मरता वाचली. पुढे बापाने तिच्यासाठी चांदीचं कडं करवून घेतलं आणि १९५६ मध्ये त्यातून मेडिकअलर्ट ही संस्था निघाली. म्हणजे तोही दागिनाच होता, पण लोकांना दिसावा म्हणून केलेला. नणंदेला हे मी वाचून दाखवलंय. ती म्हणाली, "अमेरिकेत वाडे नसतात."

तुमचा दुसरा प्रश्न, कुठे मिळेल. दुकानात तयार मिळेल या आशेवर फिरू नका. पट्टी असलेलं स्टीलचं ब्रेसलेट ऑनलाइन मागवा, ३१६एल स्टील बघून घ्या, आपल्या घामाला आणि खाऱ्या हवेला ते टिकतं. फोंडा, म्हापसा, पणजी, मडगाव, कुठेही ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून कोरून घ्या. इंग्रजी मोठ्या अक्षरांत: गॅस्ट्रिक बायपास, साल, 'नो एनएसएआयडी', 'नो ब्लाइंड एनजी ट्यूब' (म्हणजे नाकातली नळी अंदाजाने घालू नका), आणि फोन नंबर. नंबर अशा माणसाचा द्या जो खरं बोलेल. काठीला साप गुंडाळलेलं वैद्यकीय चिन्ह बाहेरच्या बाजूला हवंच. सूज आली की स्टीलचंही काढतात, पण स्टीलचं काढताना वाचतात आणि सोन्याचं काढताना मोजतात.

आता थोडं सबुरीचं. कडं घातलं म्हणजे झालं असं नाही, आपल्याकडे सगळेच काही मनगट वाचत नाहीत. मोबाइलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवा, लॉक न उघडता दिसणारी आपत्कालीन माहिती भरा, आणि एमआरआयआधी कडं काढून तोंडी सांगा. हे सगळं मी बायपासचं लिहिलंय. तुमच्या ओळखीत कोणाचं स्लीव्ह (जठर कापून नळीसारखं अरुंद करायचं ऑपरेशन) असेल तर त्यांचे नियम थोडे वेगळे, त्यांनी आपल्या सर्जनला विचारावं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर माझं वाचून परस्पर बंद करू नका, तो निर्णय डॉक्टरांचा. इन्सुलिन घेत असाल तर कड्यावर ते आधी कोरा, बायपास त्याखाली.

नणंदेचं म्हणणं अजून तेच आहे, की त्या बाईसमोर ती दुसरं काय सांगणार होती. मी म्हणते, डॉक्टरला दोन पावलं बाजूला घ्यायचं. पाटली आता कपाटात आहे. स्टीलची पट्टी मी चवथीला घालते, लग्नाला घालते, आणि कोणी विचारलं तर सांगते. वाड्यावर दोन दिवस चर्चा झाली, मग कोणाच्या तरी मुलीने पळून जाऊन लग्न केलं आणि माझा विषय मागे पडला. नणंदेच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या मात्र म्हापशाच्या बाजारातल्या मासेवालीलाही पाठ आहेत.