आरोग्य प्रश्नोत्तरे : गोड खाऊन दिलेलं रक्त आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा

प्रश्न : वय ३४, अंबड एमआयडीसीत पाळीची नोकरी. दीड वर्षापासून मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. कंबर ९८ सेंमी. रोज सहा-सात कप चहा, कपाला दोन चमचे साखर, शिवाय ड्यूटी सुटल्यावर उसाचा रस. परवा सकाळी मिसळ-जिलबी झाली आणि बाराच्या सुमारास रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन २४० आलं. जिममधला एक मित्र इंजेक्शन घे म्हणतो. साखर सोडली तर आकडा वाढेल का? गूळ चालेल का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आधी इंजेक्शनचं. मूल हवं असताना ते अजिबात घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडणं कमी करते. वृषणांना मिळणारा हुकूमच थांबतो आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. बंद केल्यावर पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात.

आता तुमचा २४०. जिलबी खाऊन, तेही दुपारी दिलेल्या रक्तावरून निदान करता येत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी पाव हिश्श्याने उतरलेलं आढळलं आहे. दोन तासांनंतरही ते खालीच होतं, आणि ज्यांची साखर नॉर्मल होती त्यांचंही उतरलं. त्यात दुपारी पातळी मुळातच कमी असते. म्हणून चाचणी पुन्हा करा. रात्रभर उपाशी राहून, चहासुद्धा न घेता, सकाळी ७ ते १० मध्ये, दोन वेगवेगळ्या दिवशी. रात्रपाळीच्या आठवड्यात नको. दिवसपाळी लागून झोप सुरळीत झाली की मगच. दोन्ही वेळा डेसिलीटरला ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आलं, तर डॉक्टर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक संप्रेरक) आणि एसएचबीजी बघतील.

एसएचबीजी तुमच्या बाबतीत महत्त्वाचं आहे. यकृतात तयार होणारं हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवतं. सततच्या जादा साखरेने यकृतात चरबी साठते, इन्सुलिन चढं राहतं आणि एसएचबीजी घटतं. मग एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. पोटाची चरबी मात्र खरंच नुकसान करते: तिच्यातलं अ‍ॅरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं, आणि इस्ट्रोजेन वाढलं की एलएच आणखी दबतं. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत असावी. त्यामुळे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा सांगणारी चाचणीही करून घ्या, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

हिशेब करा. सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला तरी सात कपांत ५६ ग्रॅम. रसाच्या मोठ्या ग्लासात आणखी ३० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २००० कॅलरींच्या आहाराला ५० ग्रॅम, आणि २५ च्या आत राहिलं तर उत्तम. रस आधी बंद करा, कारण पातळ साखर भराभर रक्तात जाते आणि पोटही भरत नाही. चहा तीन कपांवर आणा, कपाला एक चमचा. एकदम बिनसाखरेचा केला की आठवड्यात पुन्हा पहिल्यावर जाणारे बरेच असतात. दर आठवड्याला अर्धा चमचा उतरवलेला टिकतो. गुळाने काही साधत नाही, तीही बहुतांश साखरच.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस आणि बाहेर यायला आणखी काही दिवस लागतात. तेव्हा बदलाचा परिणाम वीर्यतपासणीत तीन महिन्यांनी बघा. पहिली तपासणी मात्र आत्ताच करा, २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर. पत्नीच्या तपासण्याही सोबतच सुरू करा, दीड वर्ष झालंय.

प्रश्न : आमच्या घरचीच द्राक्षबाग. हंगामात द्राक्षं खाणं थांबवू का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : नाही. मधुमेह नसेल तर वाटीभर द्राक्षं चावून खा. वरच्या उत्तरातली ५० ग्रॅमची मर्यादा अख्ख्या फळातल्या साखरेला लागू नाही. रस काढला की लागू होते. मनुकांत मात्र वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते, त्या मोजून घ्या, मूठ-मूठ नको.